एमजीबीच्या सुधारित इंजिनाचे इग्निशन टायमिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ऍबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. आज चालत्या असलेल्या बऱ्याच गाड्यांच्या इंजिनात कधी ना कधी फेरफार झालेला असतो : बोअर वाढवलेला, कॅमशाफ्ट बदललेला, हेड घासून कॉम्प्रेशन चढवलेले किंवा दोन एसयू कार्ब्युरेटर काढून त्या जागी वेबर बसवलेला. सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी केव्हा पडावी, ते म्हणजे इग्निशन टायमिंग. खालील उत्तरे अशा फेरफार केलेल्या १७९८ सी.सी.च्या चार सिलिंडर बी-सिरीज इंजिनापुरती आहेत. सहा सिलिंडरच्या एमजीसीला आणि व्ही-८ला ती लागू नाहीत.

मॅन्युअलमध्ये १० अंश दिलेले आहेत. मग त्याच आकड्यावर टायमिंग लावले तर काय बिघडते?

तो आकडा कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचा आहे. सुरुवातीच्या हाय-कॉम्प्रेशन इंजिनाला (८.८ : १) इंजिन बंद असताना टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) आधी क्रँकचे १० अंश, आणि ६०० आरपीएमला (मिनिटाला ६०० फेरे) टायमिंग लाईटने, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने पाहिल्यास १४ अंश, अशी शिफारस होती. त्यामागे विशिष्ट कॅम, विशिष्ट वजने आणि स्प्रिंग असलेला लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्यूटर (ठिणगी प्रत्येक सिलिंडरला वाटणारे आणि गतीनुसार ती आधी पाडणारे उपकरण) आणि त्या काळचे शिसेयुक्त पेट्रोल गृहीत धरलेले होते. यांपैकी एकही गोष्ट बदलली की आकडा फक्त सुरुवात करण्यापुरता उरतो.

मूळ कारण ज्वलनाला लागणाऱ्या वेळात आहे. ठिणगी पडल्याबरोबर मिश्रण एकदम पेटत नाही. ज्वाला प्लगपासून सुरू होऊन चेंबरभर पसरायला काही मिलिसेकंद घेते, आणि सिलिंडरमधला दाब पिस्टन टीडीसी ओलांडून साधारण १५ अंश खाली गेल्यावर कमाल पातळीला पोहोचला, तरच त्या दाबाचा पुरता उपयोग होतो. १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ३००० आरपीएमला तोच १८ अंश फिरतो. म्हणून गती वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडावी लागते. ती किती आधी पडावी, हे मिश्रण किती दाट भरले आहे, त्यात जळका वायू किती मिसळला आहे आणि चेंबरचा आकार कसा आहे यांवर ठरते. इंजिनातला फेरफार नेमका याच तीन गोष्टी बदलतो.

मग टायमिंग कोणत्या आकड्यावरून लावायचे?

वरून खाली यावे, म्हणजे आधी कमाल ऍडव्हान्स (टीडीसीच्या जास्तीत जास्त किती अंश आधी ठिणगी पडते ते) ठरवावा आणि आयडलिंगला (पॅडल न दाबता इंजिन मंद चालताना) जे येईल ते येऊ द्यावे. हॅरी वेस्लेक यांच्या रचनेचे हृदयाच्या आकाराचे चेंबर असलेल्या बी-सिरीजच्या लोखंडी हेडला, व्हॅक्यूमची नळी (इंजिनाच्या ओढीने ऍडव्हान्स आणखी वाढवणारी) काढलेली असताना, ३५०० ते ४००० आरपीएमच्या आसपास एकूण ३० ते ३४ अंश मानवतात. बहुतेक जण ३२ पासून सुरुवात करतात आणि तो सावध आकडा आहे. कॉम्प्रेशन १० : १ च्या वर गेलेले असेल तर ३० किंवा त्याहूनही खालून सुरुवात करावी, कारण घट्ट दाबलेले मिश्रण लवकर जळते आणि नॉकिंगची (मिश्रण आपोआप पेटून होणाऱ्या खडखडाटाची) शक्यताही वाढते. ऍल्युमिनियमचे क्रॉसफ्लो हेड बसवलेले असेल तर चेंबर निराळे असल्याने ते बनवणाऱ्याने दिलेला आकडा घ्यावा. बोअर वाढवून इंजिन १८६८ किंवा १९५० सी.सी.चे केले असेल, तर निव्वळ त्या कारणाने टायमिंग फारसे बदलत नाही, मात्र त्याबरोबर कॉम्प्रेशन चढले असण्याची शक्यता असते. ते गृहीत न धरता मोजून पाहावे.

हे लावताना आयडलिंगला ठीक वाटणारा आकडा धरून बसू नये. आयडलिंगचे टायमिंग चुकले तर इंजिन थोडे अडखळते, एवढेच. कमाल ऍडव्हान्स चार अंशांनी जास्त झाला तर पिस्टन जातो.

डिस्ट्रिब्यूटरमध्ये १० हा आकडा कोरलेला आहे. तो कशाचा?

गव्हर्नरची वजने काढल्यावर कॅमच्या पायावर दिसणारा हा आकडा म्हणजे यांत्रिक ऍडव्हान्सची कमाल मर्यादा. मात्र तो डिस्ट्रिब्यूटरच्या अंशांत असतो. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरत असल्याने क्रँकवर तोच आकडा दुप्पट होतो, म्हणजे १० कोरलेले असेल तर २० अंश. त्यात स्थिर टायमिंगचे १० मिळवले की एकूण ३० होतात. हा हिशेब पाठ झाला की पुढचे निम्मे गोंधळ आपोआप मिटतात. कोणी ऍडव्हान्सचा आकडा सांगितला, तर तो क्रँकचा की डिस्ट्रिब्यूटरचा, हे आधी विचारून घ्यावे.

अमेरिकेहून परत आणलेल्या गाडीत हे विशेष पाहावे. एमजीबी मोठ्या संख्येने उत्तर अमेरिकेत गेल्या, आणि धुराच्या नियमांमुळे तिकडच्या नंतरच्या गाड्यांना ८ : १ चे कॉम्प्रेशन आणि वेगळ्या वक्राचे (गती वाढताना ऍडव्हान्स कसा वाढतो ती रेषा) डिस्ट्रिब्यूटर मिळाले. इंजिन इंग्लंडच्या पद्धतीने बांधून डिस्ट्रिब्यूटर मात्र जुनाच ठेवला, की खाली ढिले आणि वर खडखडणारे इंजिन हाती येते.

टायमिंगला हात लावण्यापूर्वी काय तपासावे?

पॉइंटची (डिस्ट्रिब्यूटरमधले उघडताच ठिणगी पाडणारे संपर्क) गॅप आधी, टायमिंग नंतर. गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. असावी. गॅप बदलली की टायमिंगही सरकते, म्हणून हा क्रम उलटला तर सगळे काम पुन्हा करावे लागते. शाफ्ट धरून आडवा हलवून पाहावा. तो बुशात डगडगत असेल तर टायमिंग लाईटच्या उजेडात खूण एका जागी थांबत नाही आणि प्रत्येक सिलिंडरची ठिणगी निराळ्या अंशावर पडते. अशा डिस्ट्रिब्यूटरवर वेळ घालवू नये, तो आधी दुरुस्त करून घ्यावा. व्हॅक्यूमच्या नळीत तोंडाने हवा ओढून आतली पट्टी सरकते का आणि ओढ टिकून राहते का, ते पाहावे. नवीन मिळणाऱ्या काही रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि त्या रिव्हेटमधून ठिणगी शाफ्टला गळते. गरम झाल्यावरच मिसिंग होत असेल तर रोटर बदलून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे आणि रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो.

मिश्रणही आधी जुळलेले हवे. पातळ मिश्रण सावकाश जळते आणि गरम होते. त्याची लक्षणे चुकलेल्या टायमिंगसारखीच दिसतात, आणि मग माणूस डिस्ट्रिब्यूटर फिरवत बसतो.

पुलीवरच्या खुणेवर विश्वास ठेवावा का?

पडताळल्याशिवाय ठेवू नये. नंतरच्या इंजिनांच्या पुलीत मधला भाग आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबर असते. रबर म्हातारे झाले की कडे सरकते आणि कड्यावरची खाच त्याच्याबरोबर जाते. शिवाय जुने इंजिन चार ठिकाणी उघडलेले असते आणि पुली, चेन कव्हर, पॉइंटर हे वेगवेगळ्या वर्षांचे असू शकतात. सुरुवातीच्या गाड्यांत खुणा खाली, चेन कव्हरच्या तळाशी आहेत, तर नंतरच्यांत त्या वर आल्या.

खरा टीडीसी शोधण्याची पद्धत अशी. चारही प्लग काढावेत. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टनला मध्येच अडवणारा थांबा घट्ट बसवावा. जुन्या प्लगची चिनी माती काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट पक्का केला तरी काम भागते. मग क्रँक हाताने हलकेच एका दिशेने फिरवून पिस्टन थांब्याला टेकला की पॉइंटरसमोर पुलीवर खूण करावी, उलट दिशेने फिरवून दुसरी खूण करावी. या दोन खुणांचा बरोबर मध्य हा टीडीसी. यात स्टार्टर चुकूनही वापरू नये.

त्याच वेळी ३२ अंशांची खूणही करून ठेवावी. पुलीच्या परिघाला ३६० ने भागून ३२ ने गुणावे. परीघ ४०० मि.मी. असेल तर अंतर ३५.६ मि.मी. येते. कागदाची पट्टी पुलीभोवती गुंडाळून परीघ मोजला आणि त्याच पट्टीवरून अंतर उतरवले, तर फुटपट्टी वाकवण्याची पाळी येत नाही. समोरून पाहताना क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि ३२ अंशांची खूण टीडीसीच्या खुणेच्या पुढे, म्हणजे फिरण्याच्या दिशेला येते. पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका टायमिंग लाईटमध्ये स्वच्छ दिसतो.

प्रत्यक्ष टायमिंग कसे लावावे?

इंजिन पूर्ण गरम करावे. व्हॅक्यूमची नळी काढून कार्ब्युरेटरकडचे किंवा मॅनिफोल्डकडचे तोंड बंद करावे. टायमिंग लाईट पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावावा आणि सहकाऱ्याला रेस हळूहळू वाढवायला सांगावे. खूण पुढे सरकत जाईल आणि एका गतीनंतर थांबेल. ती थांबेपर्यंत गती वाढवणे आवश्यक आहे, कारण काही वक्र ३००० च्या आधी संपतात तर काही त्यानंतरही चढत राहतात. खूण थांबली, की त्या गतीवर ३२ अंशांचा ठिपका पॉइंटरसमोर येईल असा डिस्ट्रिब्यूटर फिरवावा. बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की टायमिंग पुढे जाते. यानंतर आयडलिंगला किती अंश येतात ते वाचून लिहून ठेवावे.

२५डी४ ला बारीक फरकासाठी दातेरी चाकी दिलेली आहे आणि बॉडीवर बाणांजवळ ए व आर ही अक्षरे असतात, अनुक्रमे ऍडव्हान्स आणि रिटार्डसाठी. सुरुवातीला ही चाकी मधोमध ठेवावी, म्हणजे पुढे रस्त्यावर दोन्ही बाजूंना सरकवायला जागा राहते. डिस्ट्रिब्यूटरची पकड आवळताना जोर करू नये. तिची प्लेट वाकली की बोल्ट कितीही आवळला तरी बॉडी हळूहळू फिरत राहते, आणि काल लावलेले टायमिंग आज निराळे का, याचे उत्तर पुष्कळदा तेथेच सापडते.

हे काम फिरत्या पंख्याशेजारी चालते. बाह्या वर, गळ्यात काही नको, आणि स्ट्रोबच्या उजेडात पंखा थांबल्यासारखा दिसतो हे विसरू नये.

कॅमशाफ्ट बदलला आहे. आयडलिंगला इंजिन अडखळते आणि पिकअप सुस्त आहे. काय करावे?

व्हॉल्व्ह अधिक काळ उघडे ठेवणाऱ्या कॅममुळे कमी गतीला सिलिंडर नीट भरत नाही आणि जळका वायू परत मिश्रणात शिरतो. असे विरळ, मळलेले मिश्रण सावकाश पेटते, त्यामुळे इंजिन खालच्या गतीला मूळच्यापेक्षा जास्त ऍडव्हान्स मागते. वरच्या गतीला मात्र तोच कॅम सिलिंडर चांगला भरतो आणि तेथे वाढीव ऍडव्हान्स चालत नाही. म्हणजे खाली जास्त आणि वर तेवढाच, असा आखूड वक्र हवा.

मूळ डिस्ट्रिब्यूटर तो देऊ शकत नाही. समजा यांत्रिक ऍडव्हान्स २४ अंशांचा आहे आणि एकूण ३२ हवेत, तर खाली फक्त ८ उरतात आणि इंजिन रडत राहते. खाली १६ दिले तर एकूण ४० होतात, जे धोक्याचे आहे. उपाय एकच : यांत्रिक ऍडव्हान्स १६ ते १८ अंशांवर अडवणे. कॅमच्या पायावर जो भाग वजनांच्या प्लेटवरील खांबाला टेकतो, तेथे थोडे वेल्ड भरून कानशीने घासत घासत हवा तो थांबा मिळवतात. घासताना दर वेळी बसवून मोजावे, कारण घासून गेलेले परत आणायला पुन्हा वेल्ड करावे लागते. हे काम डिस्ट्रिब्यूटर तपासण्याचे यंत्र असलेल्या कारागिराकडून करून घेणे अधिक शहाणपणाचे.

स्प्रिंग बदलून काय साधते?

मर्यादा थांबा ठरवतो, आणि तिथवर किती लवकर पोहोचायचे ते स्प्रिंग ठरवतात. लुकासमध्ये दोन स्प्रिंग सारख्या नसतात. एक पातळ असते आणि सुरुवातीपासून ताणलेली असते. दुसरी जाड असून तिची कडी लांबट असते, त्यामुळे वजने थोडी उघडल्यावरच ती पकड घेते. म्हणून वक्र आधी झपाट्याने चढतो आणि मग सावकाश. जाड स्प्रिंग ढिली दिसते म्हणून ती बिघडली असे समजून कडी दाबून घट्ट करणारे मेकॅनिक भेटतात. त्यांना तसे करू देऊ नये.

दोन्ही बाजूंना पातळ स्प्रिंग घातल्या तर सगळा ऍडव्हान्स २००० च्या आतच येऊन बसतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी चपळ वाटते, पण चढावर, टॉप गिअरमध्ये, पॅडल पूर्ण दाबले की इंजिन खडखडते. हलकी गाडी आणि मध्यम कॅम असेल तर २८०० ते ३२०० च्या सुमारास कमाल गाठणारा वक्र रस्त्यावर समाधानकारक ठरतो.

व्हॅक्यूम ऍडव्हान्स काढून टाकावा का? शर्यतीच्या गाड्यांना तो नसतो.

शर्यतीत पॅडल बहुतेक वेळ पूर्ण दाबलेले असते, तेव्हा व्हॅक्यूम उरतच नाही. रस्त्यावरची गाडी निराळी. सरळ रस्त्यावर सावकाश चालताना थ्रॉटल जेमतेम उघडा असतो, मिश्रण विरळ असते आणि त्याला यांत्रिक ऍडव्हान्सवर आणखी १५ ते २० अंश चालतात. अशा वेळी एकूण ४५ ते ५० अंश होतात आणि ते योग्यच आहे. ही सोय काढली की पेट्रोल जास्त लागते, इंजिन अधिक तापते आणि पॅडल किंचित दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद बोथट होतो. व्हॅक्यूमच्या डब्यावर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ५-१७-८ : पाऱ्याच्या ५ इंच व्हॅक्यूमला सुरुवात, १७ इंचांना पूर्ण आणि ८ अंश डिस्ट्रिब्यूटरवर, म्हणजे क्रँकवर १६. लांब कॅममुळे मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कमी आणि थरथरता होतो, तेव्हा लवकर काम सुरू करणारा डबा निवडावा. वेबर ४५ डीसीओई बसवला असेल तर नळीला सोयीची जागा बहुधा नसते, आणि तेथे व्हॅक्यूमशिवायच भागवावे लागते.

टायमिंग लाईट नाही. साध्या बल्बने जमेल का?

इंजिन सुरू होण्याइतपत जमेल. चौथा गिअर टाकून, प्लग काढून, गाडी पुढे ढकलत पहिल्या सिलिंडरची खूण कॉम्प्रेशनच्या वेळी हव्या त्या अंशावर आणावी. नेहमी पुढच्याच दिशेने आणावी, म्हणजे चेनचा ढिलेपणा हिशेबात येतो. डिस्ट्रिब्यूटरच्या लो-टेन्शन टर्मिनलपासून अर्थला १२ व्होल्टचा बल्ब जोडून स्विच चालू करावा. डिस्ट्रिब्यूटर फिरवताना ज्या क्षणी बल्ब लागतो, त्या क्षणी पॉइंट उघडले. पण यातून वक्राचा वरचा भाग कळत नाही, आणि फेरफार केलेल्या इंजिनात खरी मेख तेथेच असते.

नॉकिंग कसे ओळखावे?

पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा कोरडा, बारीक आवाज चढावर किंवा ओझ्याखाली, २००० ते ३००० च्या दरम्यान येतो आणि पॅडल सोडताच थांबतो. टॅपेटचा आवाज पॅडलबरोबर असा बदलत नाही. अवघड भाग असा की वरच्या गतीला एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर आणि वारा यांच्या गोंगाटात नॉकिंग ऐकूच येत नाही, आणि नुकसान तेथेच जास्त होते. म्हणून जोरदार चालवल्यानंतर प्लग काढून भिंगाखाली पाहावेत. पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे ऍल्युमिनियमचे कण दिसले, तर टायमिंग लगेच दोन-तीन अंश मागे घ्यावे. ते कण पिस्टनचे असतात.

उलट बाजूची लक्षणे शांत असतात. टायमिंग मागे राहिले असेल तर गाडी सुस्त धावते, पाणी तापते आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लाल होऊ शकतो. तक्रार करणारा आवाज नसल्यामुळे अशा गाड्या वर्षानुवर्षे तशाच चालवल्या जातात.

पेट्रोलच्या ऑक्टेनचा काय संबंध? गाडी महाराष्ट्रात असेल तर?

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. मिश्रण आपोआप पेटण्याला ते किती विरोध करते, याचे ते माप आहे. ब्रिटनमधील जुने फोर-स्टार पेट्रोल ९७ ऑक्टेनचे होते. आज तेथे साधे पेट्रोल ९५चे आणि १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले मिळते, तर सुपर ९७ किंवा अधिक. ९.५ : १ च्या पुढच्या इंजिनाला सुपरच द्यावे.

मुंबई-पुण्यात पंपावरचे साधे पेट्रोल बरीच वर्षे ९१ या ऑक्टेन मानकावर विकले जात होते, आणि ८.८ : १ च्या मूळ इंजिनालाही ते काठावरचेच होते. इंडियन ऑइलचे एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून निवडक पंपांवर मिळते आणि पहिल्या शहरांत मुंबई व पुणे दोन्ही होती. ते परवडत नसेल, तर मे महिन्यात बोर घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये कान देऊन टायमिंग ठरवावे, कारण तापलेली हवा, चढ आणि ओझे एकत्र आल्यावर जे इंजिन शांत राहते ते एरवीही राहील. महाबळेश्वरच्या १३५० मीटर उंचीवर हवा विरळ असते आणि नॉकिंग कमी होते. तेथे लावलेले टायमिंग घेऊन मुंबईला उतरू नये.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवेच्या मानाने इंधन अधिक लागते : साध्या पेट्रोलचे आदर्श प्रमाण १४.७ : १ आहे, ते सुमारे १३.५ : १ होते. एसयूची सुई किंवा जेट त्याप्रमाणे बदलले नाही तर मिश्रण पातळ राहते आणि दोष टायमिंगवर जातो.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनने हा सगळा व्याप वाचतो का?

पॉइंटच्या जागी बसणारे मॉड्यूल फक्त पॉइंटची झीज वाचवते. वजने आणि स्प्रिंग जुनीच राहतात, म्हणून वक्र तोच राहतो. नेदरलँड्सच्या १२३ सारख्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये मात्र वजनेच नसतात. तयार १६ वक्रांतून एक निवडता येतो, आणि त्याच्या वरच्या आवृत्तीत वक्र स्वतः आखता येतो. फेरफार केलेल्या इंजिनाला हा खर्च सार्थकी लागतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र १९६७ पर्यंतच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ आहे (बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली), तेव्हा मॉड्यूल त्याला चालणारे आहे का हे पाहूनच जोडावे, नाहीतर ते पहिल्याच स्विचला जळते.

स्विच बंद केल्यावरही इंजिन फडफडत राहते. टायमिंग चुकले आहे का?

अप्रत्यक्षपणे, हो. ठिणगी बंद झाल्यावर मिश्रण तापलेल्या कार्बनवर पेटते. टायमिंग मागे असेल तर आयडलिंग टिकवण्यासाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो आणि स्विच बंद केल्यावरही मिश्रण आत येत राहते. टायमिंग पुढे घेऊन आयडलिंग ८०० च्या आसपास आणले तर बहुतेक वेळा त्रास थांबतो.

सुपरचार्जर असेल तर?

वरील आकडे वापरू नयेत. दाब वाढेल तसे टायमिंग मागे यावे लागते आणि ते साध्या वजनांना जमत नाही. किट बनवणाऱ्याचा वक्र घ्यावा.

एकदा लावलेले टायमिंग किती टिकते?

पॉइंट असतील तर त्यांची टाच झिजत जाते, गॅप कमी होते आणि टायमिंग मागे सरकते. कॅमला ग्रीसचा पातळ हात दिलेला असेल तर झीज मंदावते. सुमारे ३००० मैलांनी, किंवा नवे पॉइंट बसवल्यावर पहिल्या ५०० मैलांनंतर, गॅप आणि टायमिंग दोन्ही पाहावे. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असेल तर वर्षातून एकदा पुरे, पण तेव्हाही खूण आयडलिंगला न पाहता, ती थांबते त्या गतीवर पाहावी, आणि वजनांच्या खुंट्यांना तेलाचा एकेक थेंब द्यावा. खुंट्या कोरड्या पडल्या की वजने उघडल्यावर परत मिटत नाहीत, आयडलिंग चढून बसते आणि मग लोक कार्ब्युरेटर उघडतात.